दहा बाय दहाच्या खोलीतील गिटार

घरगुती स्टुडिओत अकूस्टिक गिटारचे, म्हणजे विजेच्या साहाय्याविना लाकडी पोकळ पेटीतून घुमणाऱ्या गिटारचे, ध्वनिमुद्रण करू पाहणारा वादक बहुधा कॉम्प्रेसरचे आकडे विचारत येतो आणि खोलीविषयी काहीच विचारत नाही. कॉम्प्रेसर हे आवाजाच्या चढउतारांना आवर घालणारे साधन आहे: ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेला ध्वनी ते दाबते, त्यानंतर सगळे मुद्रण वर उचलता येते आणि हळू छेडलेले स्वरही ठळक ऐकू येतात. मात्र त्या हळू स्वरांबरोबर पंख्याची घरघर, फरशीवरून उलटलेला प्रतिध्वनी आणि गल्लीतून गेलेल्या रिक्षाचा आवाजही तितकाच वर येतो, कारण स्वर कोणता आणि गोंगाट कोणता हे त्या साधनाला कळत नाही. म्हणूनच कॉम्प्रेशनचा विचार मुद्रण संपल्यावर नव्हे, तर खोली आणि वेळ निवडतानाच सुरू करावा लागतो. आणि नाशिकमधील पंचवटीसारख्या, देवळे, बाजार आणि रहदारी एकमेकांना खेटून असलेल्या वस्तीत तर त्यावाचून गत्यंतर नाही.

पंचवटीचा दिवस पहाटेच्या काकड आरतीने सुरू होतो. काळाराम मंदिर, कपालेश्वर आणि रामकुंड यांच्या आसपासच्या गल्ल्यांत घंटांचा नाद दिवसभर येत राहतो, संध्याकाळी गोदाआरतीचे ध्वनिवर्धक त्यात भर घालतात, आणि पंचवटी कारंज्याच्या बाजूला वाहनांचे हॉर्न सकाळपासून थांबत नाहीत. यांपैकी घंटेचा नाद सर्वांत त्रासदायक ठरतो, कारण तो गिटारच्याच ध्वनिपट्ट्यात पडतो आणि पुढे कोणत्याही फिल्टरने, म्हणजे ठरावीक कंपनसंख्यांचा ध्वनी गाळणाऱ्या साधनाने, तो स्वरांपासून वेगळा काढता येत नाही; वाहनांची खालची घरघर त्या मानाने सहज गाळता येते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्या जागेतील ध्वनिवर्धकांना बंदी आहे, तेव्हा रात्री साडेदहानंतरचे दोन-तीन तास हा गावठाणातील वादकासाठी सर्वांत भरवशाचा काळ होय. रामनवमीचा उत्सव, कामदा एकादशीला निघणारे राम आणि गरुड रथ, रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे हौद, आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ या काळात मुद्रणाचा हट्ट धरू नये. ते दिवस सरावासाठी ठेवलेले बरे. हिरावाडी, दिंडोरी रोड किंवा म्हसरूळच्या बाजूच्या नव्या इमारतींत घंटांचा त्रास कमी असतो. तेथे त्याची जागा पाण्याच्या मोटारी आणि लिफ्ट घेतात.

बाहेरचा आवाज वेळ साधून टाळता येतो, खोलीचा स्वतःचा आवाज मात्र टाळता येत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीच्या लहरी मागेपुढे होत राहतात आणि त्यांतील ज्या लहरींची अर्धी लांबी खोलीच्या लांबीइतकी भरते त्या एकमेकींना बळ देऊन साठून राहतात. यांना खोलीच्या अनुनादी कंपनसंख्या म्हणता येईल. त्या काढण्याचा हिशेब साधा आहे: ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरून त्याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. फ्लॅटमधील नेहमीची दहा फूट बाय दहा फूट खोली, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर, घेतली तर उत्तर ५६ हर्ट्झ येते आणि त्याच्या पटीत ११२ व १६९ हर्ट्झ येतात. छतही साधारण तेवढ्याच उंचीवर असल्यामुळे लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना हेच आकडे पुन्हा येतात आणि त्यांचा परिणाम एकावर एक चढतो. आता गिटारच्या मोकळ्या पाचव्या तारेचा स्वर ११० हर्ट्झचा असतो, आणि मोठ्या पेटीच्या गिटारमधील हवेचा स्वतःचा अनुनादही १०० हर्ट्झच्या आसपासच असतो. म्हणजे खोली, पेटी आणि तार या तिघी एकाच जागी जोर लावतात, आणि ‘ए’चा कॉर्ड वाजला की मुद्रणात ढब्ब असा फुगवटा दिसतो. अशा मुद्रणावर कॉम्प्रेसर लावला तर तो प्रत्येक फुगवट्याला दचकून सगळाच ध्वनी दाबतो, वरच्या तारांचा काहीही दोष नसताना त्याही दबतात, आणि वादक मात्र कॉम्प्रेसरलाच दोष देत बसतो.

यावरचा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. दहा फुटी खोलीच्या नेमक्या मध्यावर ११२ हर्ट्झच्या लहरीचा दाब सर्वाधिक असतो, त्यामुळे खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवू नये. भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर, शक्यतो भिंतींशी थोडे तिरके बसावे, आणि कोपरे टाळावेत, कारण तेथे सर्वच खालच्या लहरी साठतात. दुसरा उपाय मऊ आणि जाड वस्तूंचा. एखादा पदार्थ ध्वनी चांगला शोषण्यासाठी त्याची जाडी लहरीच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळपास असावी लागते. १००० हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा साडेआठ सेंटिमीटर भरतो, तर १०० हर्ट्झच्या लहरीचा ८६ सेंटिमीटर. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. भिंतीला टेकवून उभी केलेली कापसाची गादी वरच्या व मधल्या स्वरांचा प्रतिध्वनी उत्तम रीतीने गिळते, तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे किंवा बोटभर जाडीचा फोम भिंतीवर चिकटवणे हा निव्वळ देखावा ठरतो. खालच्या फुगवट्यासाठी गादी भिंतीपासून फूटभर पुढे ओढून ठेवल्यास तिचा उपयोग वाढतो, कारण लहरीतील हवा भिंतीजवळ नव्हे तर भिंतीपासून दूर अधिक वेगाने हलते आणि शोषक पदार्थ त्या हालचालीलाच अडवतो. पायाखाली सतरंजी आणि वादकाच्या पाठीमागे कपड्यांनी भरलेले उघडे कपाट असले की लहान खोलीचे निम्मे काम होते. जुन्या वाड्यातील माडीवरची खोली मिळत असेल तर ती सोडू नये: जाड भिंती रस्ता अडवतात, तुळयांचे छत आणि भिंतींतील कोनाडे-फडताळे ध्वनी विखुरतात. फक्त लाकडी जमिनीवर पायाने ताल धरण्याची सवय असलेल्या वादकाने बूट काढून ठेवावेत, कारण तो ठोका माइकच्या स्टँडमधून थेट मुद्रणात उतरतो.

विजेचाही एक स्वर असतो. भारतात विद्युतप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने अर्थिंग सदोष असेल तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झचा गुणगुणाट मुद्रणात येतो, आणि यांतील १०० हर्ट्झचा भाग सहाव्या तारेवरील ‘जी’च्या, म्हणजे ९८ हर्ट्झच्या, इतका जवळ असतो की तो गाळू गेले तर स्वरही पातळ होतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करणे, पंखा व इन्व्हर्टर बंद ठेवणे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे हे त्यावरचे साधे उपाय होत. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्ये पंख्यावाचून बसणे ही शिक्षाच असते. मुद्रण पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत करून मध्ये पंखा लावावा, पण पंखा चालू ठेवून पुढे सॉफ्टवेअरने त्याचा आवाज काढण्याच्या भरीस पडू नये.

वाद्याकडे थोडे लक्ष पुरते. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात पेटीची वरची फळी फुगून तारा उंचावतात व आवाज बोदा होतो, तर कोरड्या थंडीत फळी आकसून तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासू लागतात. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि थंडीत ओलावा देणारा गिटारचा ह्युमिडिफायर ठेवावा. तारा मुद्रणाच्या आदल्या दिवशी बदलाव्यात, म्हणजे त्या ताणून स्थिरावतात आणि त्यांची चमकही टिकलेली असते.

आता माइक. घुमटाच्या छिद्रासमोर, म्हणजे पेटीच्या मधल्या गोल भोकासमोर, माइक धरणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. आवाज तेथून ‘बाहेर येतो’ अशी समजूत असते, पण प्रत्यक्षात त्या भोकातून मुख्यतः पेटीतील हवेचा खालचा अनुनाद येतो आणि स्वरांचा बहुतांश भाग वरच्या फळीच्या कंपनांतून निर्माण होतो. म्हणून माइक बाराव्या फ्रेटच्या समोर, २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर, थोडासा पेटीच्या दिशेने वळवून ठेवावा. तारांची किणकिण अधिक वाटली तर तो पुलाच्या, म्हणजे तारा जेथे फळीला बांधलेल्या असतात त्या पट्टीच्या, बाजूला न्यावा. आवाज बोदा वाटला तर मानेकडे सरकवावा. एका दिशेचा आवाज अधिक घेणारे, कार्डिऑइड म्हणून ओळखले जाणारे माइक उगमाच्या जसजसे जवळ जातात तसतसा खालच्या स्वरांना अधिक जोर देतात; या गुणधर्माला समीपता-परिणाम म्हणता येईल, आणि गिटारच्या बाबतीत तो बहुतेक वेळा उपद्रवच करतो. चांगल्या खोलीत अंतर वाढवणे हा त्यावरचा इलाज. पण दहा फुटी खोलीत ५० सेंटिमीटरच्या पलीकडे गेल्यास गिटारपेक्षा खोलीच अधिक ऐकू येते. त्यामुळे लहान घरातला वादक या दोन संकटांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात वावरत असतो, आणि तेथे एकेक बोट माइक सरकवून ऐकत राहण्याला कोणतेही महाग साधन पर्याय ठरत नाही.

माइकच्या प्रकारांत लहान पडद्याचा कंडेन्सर माइक गिटारला सर्वांत मानवतो, कारण त्याचा हलका पडदा तारेच्या पहिल्या स्पर्शाला तत्काळ प्रतिसाद देतो; त्याला चालण्यासाठी ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे माइक आणि संगणक यांना जोडणाऱ्या पेटीतून, ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. पंचवटी कारंज्यासारख्या गजबजाटात राहणाऱ्याने मात्र शुअर एसएम ५७ सारख्या डायनॅमिक माइकचाही विचार करावा. हा १९६५ पासून चालत आलेला माइक कमी संवेदनशील असल्याने जवळ धरावा लागतो आणि जवळ धरल्यामुळेच गल्लीचा आवाज त्या मानाने मागे पडतो. वरची झळाळी कमी मिळते, पण गोंगाटासह मिळालेल्या झळाळीपेक्षा ते बरे. दोन माइक वापरण्याचा मोह लहान खोलीत आवरलेलाच चांगला. ते वापरायचेच झाले तर दोन्हींचे पडदे एकाच बिंदूवर आणून ९० अंशांचा कोन करावा, म्हणजे ध्वनी दोन्हींकडे एकाच क्षणी पोहोचतो आणि पुढे दोन्ही वाहिन्या एकत्र केल्यावर काही स्वर परस्परांना खोडत नाहीत.

मुद्रणाची पातळी ठरवताना मीटरमधील शिखरे उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या दरम्यान राहतील अशी ठेवावी. डिजिटल मोजपट्टीत शून्य ही छताची पातळी असते, तिला टेकलेला ध्वनी कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. काठोकाठ भरून मुद्रण करण्याची सवय टेपच्या काळातली आहे. २४ बिटच्या मुद्रणात मोठा व लहान ध्वनी यांच्यातील सैद्धांतिक अंतर १४४ डेसिबलपर्यंत जाते, त्यामुळे थोडी जागा मोकळी सोडल्याने काहीही बिघडत नाही. कॉम्प्रेसर मुद्रण होत असतानाच लावू नये. आधी साधा ध्वनी साठवावा, प्रयोग नंतर प्रतीवर करावेत.

कॉम्प्रेसर नव्हता तेव्हा त्याचे काम कोण करीत असे, हा प्रश्न येथे उपयोगाचा आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोनच नव्हता; गायकाला कर्ण्यात गावे लागे आणि मोठ्या स्वरावर मागे सरून व हलक्या स्वरावर पुढे झुकून ध्वनीची पातळी स्वतःच सांभाळावी लागे. मायक्रोफोनवर आधारलेले विद्युत मुद्रण १९२५ पासून रूढ झाले. नाशिकला स्थायिक झालेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे पुत्र पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकमध्येच झाला, आणि १९५५ मध्ये अकाली निधन होईपर्यंत त्यांनी गायिलेली भजने व राग ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांतून घरोघर पोहोचले. त्या मुद्रिका आज ऐकताना लक्षात येतो तो गळ्याने राखलेला तोल. गिटारवादकाने यातून घ्यायची गोष्ट व्यवहाराची आहे: उजव्या हाताचा आघात समान ठेवण्याचा सराव हा पहिला कॉम्प्रेसर, आणि मुद्रण झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये एखादा फारच मोठा आघात निवडून त्याची पातळी हाताने दोन-तीन डेसिबल उतरवणे हा दुसरा. हे दोन्ही झाल्यावर यंत्राला फार थोडे काम उरते, आणि थोडे काम करणारा कॉम्प्रेसर ऐकू येत नाही.

यंत्राकडे वळताना प्रथम थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर दाबणे सुरू होते ती पातळी, आणि रेशो, म्हणजे दाबण्याचे प्रमाण, या दोन गोष्टी समजून घ्याव्यात. थ्रेशोल्ड उणे १८ डेसिबल आणि रेशो ३:१ ठेवला, आणि एखादा आघात उणे ६ पर्यंत गेला, तर तो थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर आहे. त्या १२ चे ४ होतात, आघात उणे १४ वर येतो आणि ८ डेसिबलची घट होते. आता ही घट भरून काढण्यासाठी सगळे मुद्रण ८ डेसिबल वर उचलले, तर दोन स्वरांमधील शांततेत उणे ६० वर असलेली खोलीची कुजबुज उणे ५२ वर येते. हा साधा हिशेब ध्यानात ठेवला तर किती दाबायचे याचे उत्तर ऐकीव आकड्यांत शोधावे लागत नाही: जेवढी कुजबुज वर आलेली चालेल तेवढेच दाबावे. गादी लावलेल्या शांत खोलीत ६ डेसिबलची घट निभावते, उघड्या खिडकीच्या खोलीत ३ सुद्धा जड जाते. एकट्या गिटारच्या वादनाला २:१ रेशो आणि मोठ्या आघातांवर ३-४ डेसिबलची घट पुरेशी होते. गायन, तबला वा ढोलकीसोबत वाजणाऱ्या गिटारला ३:१ किंवा ४:१ पर्यंत जाता येते, कारण तेथे तिला सारख्या उंचीवर राहून बाकीच्यांना वाट द्यायची असते.

खरी कसोटी अटॅक आणि रिलीज या दोन कळांवर लागते. अटॅक म्हणजे थ्रेशोल्ड ओलांडल्यावर पूर्ण दाब पडेपर्यंतचा अवधी. तो एक-दोन मिलिसेकंदांवर आणला तर तारेचा पहिला टणत्कारच दाबला जातो आणि गिटार घोंगडीखाली ठेवल्यासारखी वाटते; २० ते ४० मिलिसेकंद ठेवला तर टणत्कार निसटून जातो आणि मागचा गुंजारव तेवढा आटोक्यात येतो. जोरकस स्ट्रमिंग, म्हणजे सर्व तारांवरून एका फटक्यात हात फिरवण्याचे वादन, असेल आणि प्लेक्ट्रमचा, म्हणजे तारा छेडण्याच्या चकतीचा, कडकडाट खुपत असेल, तर मात्र अटॅक मुद्दाम १० मिलिसेकंदांच्या आत आणावा. रिलीज म्हणजे ध्वनी खाली आल्यावर दाब सुटण्यास लागणारा अवधी, आणि तो लयीशी जुळवता येतो. ६०,००० ला मिनिटातील मात्रांच्या संख्येने भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा निम्मा २५० आणि पाव भाग १२५. बोटांनी तारा छेडण्याच्या वादनाला या निम्म्या मात्रेच्या आसपासचा रिलीज बहुधा शोभतो, कारण पुढचा स्वर येण्यापूर्वी यंत्र पूर्ववत झालेले असते. फार जलद रिलीजने खोलीची कुजबुज प्रत्येक स्वरानंतर श्वासासारखी वर-खाली होऊ लागते. फार संथ रिलीजने एका मोठ्या आघातामागून येणारे चार हलके स्वर विनाकारण दबून राहतात.

सॉफ्टवेअरमध्ये जुन्या यंत्रांच्या नकला मिळतात आणि नवशिका त्यांच्या रंगरूपाला भुलतो, म्हणून त्यांतील दोघांचे स्वभाव माहीत असावेत. टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए प्रकाशाच्या साहाय्याने चालतो: आत येणाऱ्या ध्वनीनुसार एक पट्टी उजळते आणि तिच्या प्रकाशाने दाब ठरतो, त्याचा अटॅक सुमारे १० मिलिसेकंदांचा, आणि रिलीज दोन टप्प्यांत, निम्मा झटकन व उरलेला सावकाश, होतो. बोटांनी वाजवलेल्या गिटारला हा मऊपणा जमून जातो. बिल पटनम यांनी १९६७ साली आणलेला ११७६ हा कॉम्प्रेसर मात्र अतिजलद आहे. त्याचा सर्वांत संथ अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाहून कमी असतो, त्यामुळे स्ट्रमिंगच्या शिखरांना चाप लावण्यापुरता त्याचा उपयोग करावा. दोन्ही एकामागून एक लावून प्रत्येकाकडून दोन-दोन डेसिबलच घेणे हे एकाकडून चार घेण्यापेक्षा पुष्कळदा स्वच्छ ऐकू येते.

क्रमाचाही प्रश्न येतो. ७० ते ८० हर्ट्झच्या खालचा ध्वनी गाळणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी असावा, कारण सहाव्या तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा असल्याने त्याखाली केवळ वाहनांची घरघर व पायांचे ठोके असतात. सहावी तार उतरवून लावली असेल तर अर्थातच ही रेषाही खाली न्यावी. ११० हर्ट्झचा फुगवटा खोली आणि माइकच्या जागेने आटोक्यात आला नसेल तर सबंध ध्वनी दाबण्याऐवजी १०० ते २०० हर्ट्झचा पट्टाच दाबणारा मल्टिबँड कॉम्प्रेसर वापरावा. बोटे घसरल्याचा चिरका आवाज कॉम्प्रेशननंतर वाढतो. तो सगळा पुसून टाकू नये, खटकतील तेवढे चिरके हाताने उतरवावेत.

कॉम्प्रेसर चालू आणि बंद करून तुलना करताना दोन्ही वेळी ऐकू येणारी पातळी समान करून घ्यावी, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि त्या भ्रमात गरजेपेक्षा अधिक दाबले जाते. ही तुलना हेडफोनवर करावी आणि तीही एखाद्या मोठ्या कॉर्डनंतर स्वर विरत जातो त्या तीन-चार सेकंदांवर कान ठेवून करावी; विरणारा स्वर मध्येच फुगत असेल किंवा त्याच्या शेपटीला खोलीची कुजबुज लागलेली असेल तर थ्रेशोल्ड दोन डेसिबल वर न्यावा आणि तोच तुकडा पुन्हा ऐकावा. प्रसारणाच्या वेळी स्पॉटिफाय सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसच्या, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या पातळीच्या मापाच्या, आसपास आणते, तेव्हा त्याहून मोठे करण्यासाठी दाबलेला प्रत्येक डेसिबल ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच खाली उतरवला जातो आणि दाबल्याची खूण तेवढी मागे राहते.